सोलापूरची शशिकला

श्रीपूर : इफ्तारनंतर चहाबरोबर जुन्या सिनेमांच्या गप्पा निघाल्या, की श्रीपूर-अकलूजकडच्या आजीबाई शशिकलेला अजूनही दोन शब्द सुनावतात. काड्या घालणारी, हसत हसत दुसऱ्याचे घर मोडणारी बाई पडद्यावर तिच्यासारखी तीच. ती आपल्याच जिल्ह्याची, हे मात्र कित्येकांना ठाऊक नसते.

शशिकला जवळकर यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब मुंबईला गेले आणि खेळण्याच्या वयातली ही पोर कामासाठी स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागली. हात दिला तो नूरजहाँ यांनी. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी यांनी ‘झीनत’ (१९४५) मधल्या कव्वालीत तिला बसवले. बायकांनी गायिलेली ती कव्वाली देशभर गाजली. आपल्याकडच्या कव्वालीच्या शौकिनांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

पुढे ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी लागोपाठ फिल्मफेअर मिळाले, पण खलनायिकेचा शिक्का बसला तो बसलाच. मग एके काळी हे सारे मागे टाकून त्या कोलकात्याला मदर तेरेसांकडे गेल्या आणि रुग्णांच्या सेवेत राहिल्या.

परतल्यावर टीव्हीच्या मालिका आल्या. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘सोनपरी’त त्या फ्रूटीची आजी होत्या. एकाच टीव्हीसमोर नात त्यांच्यावर जीव टाकी, आणि मागे बसलेली आजी बोटे मोडी.