तुटल्या पट्टीचा जमाखर्च

मोटारगाडीच्या आयुष्यात मोठे अपघात क्वचितच घडतात. परंतु बंपरचा कोपरा चिरणे, दाराखालची काळी पट्टी सुटून लोंबकळणे, पुढच्या जाळीचे एखादे घर फुटणे, आरशाचे कवच निखळून रस्त्यावर पडणे या किरकोळ आपत्ती बहुतेक प्रत्येक गाडीच्या वाट्याला येतातच, आणि त्यांमुळे गाडी चालण्यात काडीचाही व्यत्यय येत नसल्याने मालकही त्यांच्याकडे महिनोन्‌महिने काणाडोळा करतो. पुढे घरात लग्नकार्य निघते किंवा गाडी विकायची ठरते, आणि मग कंपनीच्या अधिकृत दुकानातून आलेला खर्चाचा अंदाज वाचून तो थक्क होतो. या विषयावर सविस्तर लिहावे अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाणे सोपे होते. पण मी सांगली जिल्ह्यातील पलूसची वाट धरली, कारण मोडलेली वस्तू थोड्या पैशांत पुन्हा उभी करण्याची विद्या जिथे रोजच्या गरजेतून वाढली आहे, तिथेच ती नीट पाहता येईल अशी माझी अटकळ होती.

या तालुक्याचा औद्योगिक इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या संस्थानाधिपतींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी लोखंडी नांगर उतरवण्याचे कष्टाचे काम तिने तडीस नेले. पुढे पलूसच्या परिसरात ओतकामाचे व यंत्रकामाचे लहानमोठे कारखाने आले. त्यांतून निवृत्त झालेली, कानस आणि मापपट्टी हातात मुरलेली माणसे या टापूत आजही भेटतात. मी ज्यांच्यासाठी तिथे रेंगाळलो ते गृहस्थ त्यांपैकीच एक. उमेदीची वर्षे त्यांनी साचे घासण्यात घालवली आणि नंतर तासगाव-कराड रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून गाड्यांच्या बाह्य साजाची दुरुस्ती आरंभली. सारे त्यांना मिस्त्री म्हणतात. मीही तेवढेच म्हणेन.

त्यांना कामाची ददात नसते, याचे कारण समोरच्या रस्त्यावरच दिसते. गळिताचा हंगाम सुरू झाला की एकामागे एक जोडलेल्या उसाच्या ट्रॉल्या कुंडलच्या साखर कारखान्याकडे निघतात. ट्रॉलीबाहेर आलेली कांडी शेजारून जाणाऱ्या मोटारीचे आरसे आणि पट्ट्या ओरबाडून नेतात, आणि द्राक्षबागांच्या अरुंद वाटांवर बंपरची खालची ओठी बांधाला घासून चिरते.

पूर्वीचा साज धातूचा होता. अँबेसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनी यांचा पोलादी बंपर वाकला, तर तो ठोकून सरळ करता येई आणि त्यावर निकेल-क्रोमचे पाणी पुन्हा चढवता येई. जुलिओ नात्ता या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केले, त्याबद्दल १९६३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि काही दशकांत हाच हलका, स्वस्त, लवचीक पदार्थ जगभरच्या मोटारींच्या पुढे-मागे येऊन बसला. धक्का सोसून पूर्ववत होणे हा त्याचा गुण. परंतु कोणताही सामान्य गोंद आपल्या अंगाला लागू न देणे हाही त्याचाच स्वभाव असल्यामुळे, घरी चिकटवलेली बंपरची चीर पहिल्याच खड्ड्यात उघडते.

म्हणून मिस्त्रींचा पहिला नियम असा : "सायेब, आदी पाट बघायची, मग त्वांड." पट्टी उलटी केली की मागच्या बाजूला साच्यातच उमटलेली बारीक अक्षरे असतात. पीपी आणि ईपीडीएम असे असेल तर रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे वितळवून सांधण्याचा माल. एबीएस असेल तर जाळी किंवा चकाकणारी पट्टी, जिला गोंद धरतो. अक्षरे पुसली गेली असतील तर ते मागच्या बाजूचा कणभर तुकडा कापून चिमट्यात धरून पेटवतात. मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन, काळ्या धुराची काजळी उडाली तर एबीएस. पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती ते मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते खरे, पण बंपरच्या मालात पुष्कळदा शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असते आणि ती पुरेशी असली की तोही तुकडा तळ गाठतो.

सांधण्याची कृती पाहण्यासारखी असते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तिची वाढ आधी थांबवायची. मागच्या बाजूने चीर खोबणीसारखी कोरायची. तापल्या सोल्डरिंग आयर्नने तारेची जाळी तीत बसवायची. आणि भंगारातल्या त्याच जातीच्या बंपरमधून कापलेली पट्टी वितळवून वर भरायची. दर्शनी बाजू शेवटी घासायची, आणि रंग देण्यापूर्वी प्लास्टिकला रंग धरवणारा खास प्राइमर मारायचा. तो न मारल्यास पुढच्या उन्हाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात, आणि स्वस्तातल्या रंगकामाची बहुतेक बदनामी या एकाच चुकीतून झाली आहे.

पण खरे सांगायचे तर मला मोह पडला तो क्लिपेचा. बोटाच्या पेराएवढा हा नायलॉनचा तुकडा. त्याच्या दांडीवर मागे वळलेले दाते असतात आणि कुसळ जसे कापडात एकाच दिशेने शिरते तशी ही क्लिप पत्र्याच्या भोकात शिरते, मागे येत नाही. सगळी पट्टी अशा आठ-दहा क्लिपांवर तोललेली असते. आणि पट्टी 'तुटली' म्हणून जो मालक दुकानात येतो त्याच्या पट्टीला पुष्कळदा ओरखडाही गेलेला नसतो, मागच्या दोन क्लिपा तेवढ्या मेलेल्या असतात. उन्हाने व वयाने नायलॉन ठिसूळ होते, आणि घाईत लोखंडी पेचकसाने उचकटणारा हात ते उरलेसुरले मोडून टाकतो. मिस्त्री पट्टी आधी उन्हात तापू देतात, मग प्लास्टिकच्या पातळ पाचरीने टोकाकडून एकेक दाता सोडवतात. नव्या कोरड्या क्लिपा बसवण्यापूर्वी त्या कोमट पाण्यात काही वेळ भिजवून ठेवण्याची त्यांची रीत मला आरंभी केवळ सवय वाटली होती. वस्तुतः नायलॉन पाणी शोषते आणि त्यानेच चिवट बनते, कोरडे असताना ते कडकपणे तुटते, हे पदार्थविज्ञान त्यांच्या हाताने कोणत्याही ग्रंथाआधी ओळखले आहे. शेडच्या भिंतीवर बिस्किटांच्या डब्यांत त्यांनी क्लिपांची वर्गवारी केली आहे. प्रत्येक डब्यावर गाडीचे नाव नाही, भोकाचा व्यास लिहिलेला आहे. कित्येक गाड्यांची भोके एकाच मापाची असतात हे एकदा कळले की निम्मा खर्च तिथेच वाचतो.

चिकटपट्टीवर बसणाऱ्या दाराच्या पट्ट्यांची तऱ्हा निराळी. जुनी पट्टी ओढून काढली तर रंग निघतो, म्हणून मासे धरण्याचा नायलॉनचा दोरा तिच्यामागे करवतीसारखा फिरवून ती सोडवतात. पत्रा स्पिरिटने निर्मळ पुसून दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावतात, आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात म्हणून तोवर गाडी धुऊ नका असे बजावतात. नदीकाठच्या गाड्यांना यात एक अधिक काम निघते. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या गावांत शिरले. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या पट्ट्यांमागे गाळ बसला, आणि त्या गाळाने क्लिपांच्या भोकांतून पत्रा खायला सुरुवात केली. अशी पट्टी काढल्यावर गंज घासून, भोकाच्या कडांना प्राइमर देऊनच ती परत बसवावी लागते, नाही तर वरून नवी दिसणारी गाडी आतून कुजत राहते.

विम्याचा आधार घ्यावा असे कुणाच्याही मनात येईल. त्याचा हिशेब मात्र तपासावा. आपल्याकडच्या विमा नियमांत प्लास्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घट धरली जाते आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला एक हजार रुपये मालकाने आधी स्वतः सोसायचे असतात. समजा, भागाचे बिल ४,००० रुपये झाले. २,००० घटीत गेले, १,००० मालकाचे, आणि मजुरी वगळता कंपनीकडून आले १,०००. पण दावा केल्याने दावारहित वर्षांची सवलत बुडते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ६,००० असेल आणि सवलत ३५ टक्क्यांवर आलेली असेल, तर एकाच वर्षात २,१०० रुपये गमावले. घट न धरणारी जादा पॉलिसी घेतली असेल तर आकडे थोडे सुधारतात, सवलत बुडणे मात्र टळत नाही. किरकोळ साजासाठी स्वतःचे पैसे घालणेच बहुधा शहाणपणाचे, हे मिस्त्रींचे गिऱ्हाईक कागद न मांडता जाणते.

इथवर वाचून हा मार्ग सुकर वाटला असेल, तर आता त्याच्या अडचणी. पहिली अडचण अशी की कारखानदार तुकडा विकत नाहीत, संच विकतात. जाळीवरची चकाकती पट्टी गेली तर अख्खी जाळी घ्या, आरशाचे कवच गेले तर मोटरसकट आरसा घ्या, असा प्रकार अनेक नमुन्यांत आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांपर्यंत मोकळेपणी पोहोचू देत नाहीत म्हणूनच. प्रकरण अपिलांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे संकेतस्थळही उघडले. तरीही रस्त्याकडेच्या शेडला हवी असलेली दोन रुपयांची क्लिप तिच्या क्रमांकासह बाजारात सहज मिळत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

मग उरतात दोन वाटा. एक, नकली माल : तो स्वस्त असतो, पण त्याचे दाते अर्ध्या मिलिमीटरने चुकलेले असतात, बोनेट आणि बंपर यांच्यामधली फट एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद होते, आणि काळा रंग दोन उन्हाळ्यांत राखाडी पडतो. दुसरी, भंगारातला अस्सल भाग, ज्यासाठी मिस्त्री सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत माणसे पाठवतात. ही वाट मला अधिक पसंत आहे. तीतही मेख अशी की कंपन्या मधल्या वर्षांत गाडीचे रूप किंचित पालटतात, नाव तेच ठेवतात, आणि पालटलेल्या रूपाचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणून नावावर न जाता पाठीवरचा भागक्रमांक जुळवावा, आणि जुना तुटका भाग सोबत नेल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

बंपर वाचवण्यासाठी पुढे लोखंडी गार्ड लावणे ही जुनी पळवाट बंद झाली आहे. पादचाऱ्याला ते जीवघेणे ठरते आणि हवेच्या पिशवीच्या संवेदकांची गल्लत करते, म्हणून २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने त्यावर बंदीचा आदेश काढला. पण सर्वांत कठीण अडचण मागच्या बंपरात आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारे संवेदक सक्तीचे झाले. ध्वनिलहरी सोडणाऱ्या या बटणांच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला किंवा सांधकामात त्यांचे भोक अंशभर तिरके झाले, तर ते नसलेल्या भिंतीचा इशारा देतात किंवा असलेल्या मुलाचा देत नाहीत.

मी शेडमध्ये असताना एका द्राक्ष बागायतदाराची गाडी आली होती, चीर नेमकी संवेदकाच्या कड्यातून गेलेली. मालकाने पुन्हा पुन्हा विनवले, "मिस्त्री, तुमीच करा की." मिस्त्रींनी कड्यावरून बोट फिरवले, पाठ पाहिली, आणि नकार दिला. "ह्यात माझा हात चालंल, पर पोरंबाळं मागं हुबी ऱ्हात्यात," असे सांगून त्यांनी अख्खा अस्सल बंपर भंगारात शोधण्यास सुचवले, काढण्या-बसवण्याची तेवढी मजुरी कागदावर लिहून दिली, आणि रंगाचे काम सांगलीला जिथे थराची जाडी मोजून रंग मारतात तिथे न्यायला सांगितले. ते काम घेतले असते तर मिळकत अधिक होती. तोवर पुढची गाडी दारात लागली होती, तिच्या दाराखालची पट्टी रस्त्याला टेकत होती, आणि मिस्त्रींनी डब्यांच्या रांगेतून आठ मिलिमीटरचा डबा उतरवला.