मापात भार

गुडघा किती वाकतो हे मोजायला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या पुरतात. दोन्ही एका खिळ्याने जोडलेल्या, मधल्या गोल चकतीवर अंश छापलेले. खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा, एक पट्टी मांडीच्या रेषेत धरायची, दुसरी नडगीच्या. पुस्तकात या साधनाचं नाव गोनिओमीटर आहे. भालकीतल्या ज्या छोट्या फिजिओथेरपी केंद्रात मी आषाढ-श्रावणात सहा आठवडे जात होतो, तिथे सगळे त्याला नुसतं ‘काटा’ म्हणत.

“पंच्याण्णव,” तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला.

खाटेवर बसलेल्या मावशींनी पदराने तोंड पुसलं. “पंच्याण्णव म्हणजे पास का नापास, बाई?”

“तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे, मावशी.”

मी हे उत्तर आधी समजूत घालण्यासाठी दिलेलं मानलं. पुढे कळलं की सगळी विद्या त्यातच आहे. सपाट रस्त्याने चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकला तरी भागतं. जिना चढायला-उतरायला ८५ ते १०० लागतात, खुर्चीतून उठायलाही जवळपास तेवढेच. म्हणजे टेबल-खुर्चीच्या घरात पंच्याण्णव अंशांवर माणसाचं बरंचसं निभतं. पण मावशी भालकी तालुक्यातल्या काळ्या रानात खुरपणीला जाणाऱ्या. उडीद-सोयाबीनच्या पातीत उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. त्याला १३० अंशांच्याही वर लागतं. चूल, न्हाणी, संडास, देवळातली पंगत, सगळं जमिनीलगत. मावशींसाठी पंच्याण्णव आणि एकशे तीस यांच्यामधल्या पस्तीस अंशांत मजुरी होती.

मी तिथे गेलो होतो माझ्या खांद्यासाठी. जखडलेला खांदा चाळिशी ते साठीच्या दरम्यान अनेकांना गाठतो आणि मधुमेह असेल तर त्याची शक्यता बरीच वाढते. माझ्याकडे वय आणि साखर दोन्ही होतं. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, मग घट्ट आणि आखूड होते. सर्वांत आधी जातं ते हात बाहेरच्या बाजूला फिरवणं. शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. टेबलावर डावा हात टेकून, वाकून, दुखरा हात लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी एकेक वीत चढायचं. माझा व्यायाम अर्ध्या तासाचा, उरलेला वेळ बाकावर. तिथे बसून मी जे पाहिलं, ते हे.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या या गावात दुखणंही तीन भाषांत येतं. मॅडम मूळच्या आळंदच्या, घरात मराठी, शिक्षण कलबुर्गीत. एकीला त्या विचारत, “एल्लि नोव अद?” दुसऱ्याला, “कहाँ दुखता?” आणि आमच्यासारख्यांना, “कुठं दुखतंय?” उत्तर ऐकताना त्यांचा हात थांबलेला असे. ‘ठणकतंय’ म्हटलं की त्या विचारत, रात्रीही ठणकतं का? आत सूज पेटलेली असू शकते. ‘मुंग्या येतात’, ‘झिणझिण्या येतात’ म्हटलं की बोटं मान किंवा कंबर चाचपू लागत, कारण ती नसेची भाषा. ‘चमक भरली’ म्हणजे एका विशिष्ट हालचालीत स्नायू धरला. ‘रग लागली’ म्हणजे स्नायू दमलाय; त्याला भिण्याचं कारण नाही. आणि ‘सकाळी आखडतं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती वेळ? अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झीज. तास तास सुटत नसेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर व्यायाम बाजूला ठेवून त्या माणसाला आधी डॉक्टरांकडे पाठवत, कारण तो दाहक संधिवात असू शकतो आणि त्याला वेळेवर औषधच लागतं. आपल्या आज्यांनी दुखण्याला इतके वेगवेगळे शब्द उगाच दिले नव्हते. विचारणारा नीट ऐकत असेल तर त्यातला प्रत्येक शब्द एक तपासणी आहे.

मंगळवारी आणि शनिवारी सकाळच्या गाडीने कमलनगरहून एक पोरगा यायचा. वय वीसच्या आत, कबड्डीत चढाई करणारा. उन्हाळ्याआधी एका सामन्यात मध्यरेषेकडे निसटताना पाय मातीत रुतून राहिला, अंग फिरलं आणि आतून ‘कट’ असा आवाज आला. कुणाचा धक्काही नव्हता. दोन तासांत गुडघा टम्म. सगळीकडे याला ‘लिगामेंट तुटलं’ म्हणतात. नडगीचं हाड पुढे सरकू न देणारी आणि गुडघ्याला पीळ बसू न देणारी ही आतली दोरी एकदा पूर्ण तुटली की बहुधा आपोआप पहिल्यासारखी जुळत नाही. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याची नवी दोरी बसवली. घरच्यांना वाटलं, काम झालं.

काम तिथून सुरू होतं. मॅडम टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजत, गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर. दुखऱ्या पायाची मांडी अजूनही तीन सेंटिमीटर बारीक होती. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम आपणहून आखडता घेते. माणूस कितीही जोर लावो, स्नायू पुरता उठत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांत टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. दिसायला हे काहीच नाही. पण गुडघा आधी पूर्ण सरळ झाला नाही, तर पुढचं सगळं चालणं लंगडं राहतं.

शस्त्रक्रियेनंतर चौदाव्या आठवड्यात पोरगा म्हणाला, “मॅडम, काहीच दुखत नाही. दसऱ्याच्या आधी उतरू का?”

या दुखापतीतला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. बसवलेली दोरी आधी मऊ पडते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग महिनोन्‌महिने ती मुरत जाते. सूज गेलेली, वेदना गेलेली आणि दोरी मात्र कच्ची, अशी ही वेळ. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जेवढे महिने लांबवलं, तेवढ्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. मॅडमनी त्याला हा अभ्यास सांगितला नाही. त्यांनी सहा इंच उंचीचा लाकडी पाट आरशासमोर ठेवला. “यावर एका पायावर उभा राहा आणि दुसरी टाच हळू जमिनीला लाव.”

चांगल्या पायावर तो सरळ उतरला. दुखऱ्या पायावर उतरताना गुडघा आत कलंडला, कंबर एका बाजूला झुकली. तुटताना गुडघा ज्या दिशेला वळला होता, तीच ही दिशा. पोराने आरशात ते तीनदा पाहिलं. नंतर दसऱ्याचं नाव काढलं नाही. घरी व्यायामाला वजन कुठून आणायचं हे त्याने विचारलं, तेव्हा मॅडमनी सांगितलं, तुरीच्या डाळीची किलोची पिशवी रुमालाने घोट्याला बांध. ती या मुलखात घराघरात असते. पंधरा वेळा पाय उचल, थांब, पुन्हा पंधरा, पुन्हा पंधरा. शेवटची दोन-तीन जड गेली पाहिजेत. एकही जड गेली नाही तर वजन कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर जास्त झालंय. या दोन खुणांच्या मधे चालायचं.

नागपंचमीच्या कुस्त्यांनंतर दुसऱ्या दिवशी एक पैलवान भावाच्या खांद्यावर हात टाकून आला. घोटा मुरगळलेला, रात्रभर तेल लावून जोरात चोळलेला, वर गरम विटेचा शेक. घोटा वांग्यासारखा काळानिळा झाला होता. मॅडमनी घोट्याच्या दोन्ही हाडांचे मागचे काठ आणि टोकं अंगठ्याने दाबून पाहिली, मग पायाच्या मधल्या भागातली दोन ठिकाणं, मग त्याला चार पावलं टाकायला सांगितलं. हाडावर दाबून दुखलं नाही, चार पावलं पडली, तर एक्स-रे बहुधा लागत नाही. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली हे नियम मांडले गेले आणि जगभर वापरले जातात. त्याला एक्स-रे लागला नाही.

अशा वेळी काय करावं याबद्दल शास्त्रानेही आपलं म्हणणं बदललं आहे. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री दिली. कित्येक वर्षं मैदानामैदानावर तीच पाठ होती. पुढे त्यानेच लिहिलं की संपूर्ण विश्रांती आणि बर्फाचा अतिरेक यांनी भरून येणं लांबू शकतं. आता पहिले दोन-तीन दिवस जपायचं, चोळायचं नाही, आणि मग जमेल तेवढा भार लवकर द्यायला सुरुवात करायची. पैलवानाला चौथ्या दिवशी बोलावलं ते चालायला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका पायावर डोळे मिटून उभं राहायला. घोट्याच्या बंधात पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणाऱ्या सूक्ष्म तारा असतात; मुरगळताना त्याही दुखावतात. सूज उतरली तरी त्या शिकवल्याशिवाय शिकत नाहीत. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. शड्डू ठोकून आखाड्यात उभा राहणारा तो गडी डोळे मिटल्यावर चार सेकंदांत डगमगला. पुढे त्याचे तीस सेकंद झाले.

एके दुपारी पावसात लाईट गेली. खोलीत दोन यंत्रं होती. पेशंट त्यांना ‘करंट’ आणि ‘शेक’ म्हणत, आणि बहुतेक जण करंटसाठीच येत. यंत्रांचा आवाज बंद पडला. मला वाटलं, आता सगळे घरी जातील. पण मॅडम दरवाजा सताड उघडून उजेडात आल्या. “चला, उभं राहा सगळे. खुर्चीतून उठबस, हात न टेकता, दहा वेळा.” अंधुक खोलीत पाच जण एका लयीत उठत-बसत होते, मावशी मोठ्याने आकडे मोजत होत्या. यंत्रांनी दुखणं थोडा वेळ हलकं होतं. त्या हलक्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, एवढाच त्यांचा उपयोग. त्या दिवशी ते यंत्रांविनाच झालं.

मावशींना गावात सांगितलं गेलं होतं, गादी झिजली, आता चालू नका. इतकं साधं आणि इतकं नुकसान करणारं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. सांध्याच्या टोकांवरच्या त्या गुळगुळीत गादीत, म्हणजे कूर्चेत, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. भार पडला की ओल्या कपड्यासारखी ती पिळली जाते, भार उठला की नवं शोषून घेते. म्हणजे सांधा हालचालीतूनच जेवतो. त्याला महिनोन्‌महिने बसवून ठेवणं म्हणजे उपाशी ठेवणं. शिवाय एक्स-रेतली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा हिशेब दर वेळी जुळत नाही. खूप झिजलेले काही गुडघे कमी दुखतात, थोडे झिजलेले फार. मांडीचा स्नायू ताकदीचा असला की गुडघ्यावरचा धक्का तो झेलतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असं २००५ मधल्या एका अभ्यासात दिसलं. दिवसाची पावलं हजारांत धरली तर हा आकडा किती मोठा होतो, हे मावशींनी बोटांवर मोजून पाहिलं.

फिजिओथेरपीची ही विद्या आपल्याकडे रीतसर शिकवली जाऊ लागली ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींच्या काळात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. या व्यवसायाला चौकट देणारा केंद्राचा कायदा मात्र २०२१ मध्ये झाला. मधल्या सत्तर वर्षांत खेड्यांनी चोळणाऱ्यावर, सुई मारणाऱ्यावर आणि ‘आराम करा’ या सल्ल्यावर निभावलं. आजही औराद किंवा कमलनगरच्या वाडीतून इथे यायचं तर एक रोज बुडतो. म्हणून मॅडम पेशंटला आठवड्यातून फार वेळा बोलावत नसत. त्या कागदावर काड्यांची माणसं काढून देत: पाय वर, पाय खाली, बाजूला टिंबं. तीन ओळी, प्रत्येकीत पंधरा टिंबं. कन्नड वाचणाऱ्याला चालतात, उर्दू वाचणाऱ्याला, आणि काहीच न वाचणाऱ्यालाही. त्या खोलीत मी पाहिलेलं सर्वांत मोलाचं औषध तो कागद होता. गावोगावी आशाताई गरोदर बायांना आणि लेकरांना गाठतात, तसा हा कागद आणि तो समजावणारं कुणीतरी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलं पाहिजे. सांधेदुखीने जीव जात नाही, म्हणून ती कुणाच्या यादीत वर येत नाही. पण तिने माणूस रानातून घरात येतो, घरातून खाटेवर, आणि खाटेवर आला की मग साखर, रक्तदाब, एकटेपण, सगळं मागून येतं.

सहा आठवड्यांनी माझा हात पंधरा अंशांवरून पस्तीसवर आला होता. खांदा पुरता सुटायला वर्षही लागेल, हे मला आता ठाऊक होतं, आणि त्याची धास्ती उरली नव्हती. शर्ट मात्र न कण्हता घालता येत होता.

मावशींचा काटा एकशे बारावर होता. एकशे तीस बहुधा होणार नाहीत, हे मॅडमनी त्यांना स्वच्छ सांगितलं. उकिडवं बसणं सोडा, सायकल कोळपं चालवा, उभ्याने होतं. जिथे बसावंच लागेल तिथे बुडाखाली छोटा पाट घ्या, आणि पात संपली की उठून दहा पावलं चाला. शेवटच्या दिवशी मावशींनी काटा लावायची वाट पाहिली नाही.

“काल दोन पाती केल्या, बाई. पाटावर बसून. पहिली झाली, उठले, चालले. मग दुसरी. तिसरी जमली असती, पण धरली नाही. संध्याकाळी सूज आली नाही.”

मॅडमनी वही उघडली. अंशांच्या रकान्यात एकशे बारा होते. त्याच्या पुढे त्यांनी लिहिलं: दोन पाती.