सेकंदाला ऐंशी लिटर हवा

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस किंवा टायगुनचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. सिलिंडर तीन, क्षमता ९९९ सीसी, ताकद ११५ पीएस. मिनिटाला ५,५०० फेरे घेताना हे इंजिन सेकंदाला १३७ वेळा हवा आत ओढतं. टर्बो नसता तर मिनिटाला २,७५० लिटरच्या आसपास हवा आत गेली असती. टर्बो तीच हवा दाबून जवळजवळ पावणेदोन पट भरतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ४,८०० लिटर, सेकंदाला ८० लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेली ही छोटी गाडी सातशेच्या आसपास माणसांचा श्वास एकटी घेत असते.

याच हिशेबाचं दुसरं टोक म्हणजे बुगाटी शिरॉन. आठ लिटरचं इंजिन, सोळा सिलिंडर, चार टर्बो, १,५०० पीएस. हे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ६०,००० लिटर हवा ओढतं, असं कंपनी सांगते. म्हणजे सेकंदाला हजार लिटर. त्याची एका मिनिटाची हवा बसल्या माणसाला सहा दिवस पुरते.

एवढ्या हवेची गरज काय? पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, म्हणजे लिटरमागे ११ किलो हवा. घनफळात मोजली तर नऊ हजार लिटरहून जास्त. पंपावर आपण फक्त त्या पाऊण किलोचे पैसे मोजतो, बाकीचा माल गाडी रस्त्यावर फुकट उचलते. पंधराचं अॅव्हरेज देणारी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरली तर ६६७ लिटर पेट्रोल जाळेल आणि त्यासाठी साठ लाख लिटरहून जास्त हवा ओढेल. या हवेचं वजन सात टनांच्या वर भरतं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या सहा पट.

आता या हवेचा प्रवास बघू. सहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला ८० लिटर हवा जायची, तर तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ८९ किलोमीटरपासून 'तीव्र चक्रीवादळ' सुरू होतं. नळीच्या टोकाला टर्बोचं चाक असतं. छोट्या गाडीत त्याचा व्यास चार सेंटिमीटरच्या आसपास आणि जोरात असताना फेरे मिनिटाला दोन लाखांपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३,३३३. इंजिनाचा एक फेरा होईपर्यंत टर्बोचे छत्तीस होतात. पात्याचं टोक त्या वेळी ताशी दीड हजार किलोमीटरने फिरत असतं आणि आवाजाचा वेग आहे ताशी १,२३५ किलोमीटर. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक नऊशे अंशांच्या वर तापलेल्या धुरात फिरतं. इकडे हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणून पुढे इंटरकूलर लावावा लागतो.

या सगळ्याच्या आधी, दाराशी, उभा असतो तो कागदाचा एअर फिल्टर.

फिल्टर बॉक्सच्या क्लिपा काढून तो हातात घ्या. वरून दिसतो वहीएवढा, समजा २५ सेंटिमीटर लांब आणि २० रुंद. क्षेत्रफळ जेमतेम ०.०५ चौरस मीटर. पण कागद घड्यांचा आहे. चार सेंटिमीटर खोल अशा पन्नास घड्या धरल्या आणि प्रत्येकीच्या दोन बाजू मोजल्या, तर उलगडलेला कागद भरतो ०.८ चौरस मीटर, दर्शनी मापाच्या सोळा पट. नळीत ताशी शंभरने धावणारी हवा या कागदातून जाताना सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ हवेला कागद फारसा अडवत नाही.

'परफॉर्मन्स फिल्टर'च्या धंद्याचं गणित इथे तपासता येतं. तेल लावलेल्या सुती कापडाच्या फिल्टरमुळे नावारूपाला आलेली के अँड एन ही कंपनी १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तेव्हापासून या वर्गाच्या मालाचा दावा एकच: कागद हवा अडवतो, आमचा फिल्टर मोकळा श्वास देतो. दावा खोटा नाही, फक्त त्याचा आकार बघायला हवा. वातावरणाचा दाब साधारण १०० किलोपास्कल. चांगल्या कागदी फिल्टरमुळे पूर्ण जोरातही त्यातले एक-दोन जातात. समजा दोन गेले आणि नव्या फिल्टरने त्यातला एक वाचवला, तर झाला एक टक्का फायदा. ११५ पीएसमध्ये एक टक्का म्हणजे जेमतेम एक घोडा.

टर्बो गाडीत तो एक घोडाही हाती लागेलच असं नाही. तिथला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिनाच्या तोंडाशी किती दाब हवा ते ठरवून चालतो. समजा १८० किलोपास्कल पाहिजेत. टर्बोला १०० मिळाले तर तो १.८० पट दाबेल, ९८ मिळाले तर १.८४ पट. त्यासाठी वेस्टगेट, म्हणजे धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, थोडा जास्त मिटतो, चाक थोडं जास्त फिरतं आणि फिल्टरने खाल्लेलं भरून निघतं. टर्बोची ताकद संपेपर्यंत ही भरपाई चालू राहते.

ती कुठवर जाते, याचा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर घेऊन गेला. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर नुसतं चालवलं तर २३० वर आलं. टर्बो जोडला आणि ३५६ वर गेलं. आज लडाखला गाडी नेणाऱ्यांना खारदुंग ला खिंडीत वातावरणाचा दाब जवळजवळ निम्माच मिळतो, म्हणजे पन्नासेक किलोपास्कलचा खड्डा. फिल्टरमुळे पडणारा खड्डा एक-दोनचा. कुणाची किती भीती बाळगायची, ते यावरून ठरवावं.

मग अॅव्हरेज वाढेल का? ताशी ८० ने संथ जाताना गाडी तासाला चारेक लिटर पेट्रोल जाळते. त्याला हवा लागते सेकंदाला दहा लिटर, म्हणजे पूर्ण जोराच्या एक अष्टमांश. एवढ्याशा प्रवाहाला फिल्टरचा अडथळा जाणवतही नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच मोजलं. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोंदलेला फिल्टर बदलून इंधन वाचलं नाही. पिकअप मात्र ६ ते ११ टक्के सुधारला. लक्षात घ्या, ही तुलना चोंदलेल्या आणि नव्या फिल्टरची आहे, कागद आणि कापड यांची नाही.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला की टर्बोचा 'शूऽऽ' आवाज छान येतो, पण तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. दर तीन अंशांमागे हवा एक टक्का विरळ होते. वीस अंश जास्त गरम हवा आत घेतली तर सहा टक्के गेले. कमावला होता एक.

आता धूळ. देशाच्या मानकानुसार पीएम १० धुळीची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या धुळीच्या हवेत वर्षभराच्या साठ लाख लिटरमधून गाडीत शिरेल फक्त ०.६ ग्रॅम. पण रस्त्याचं काम चालू असलेल्या वाटेवर, खडीच्या डंपरमागे, हेच प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. त्या धुळीतली वाळू लोखंडाहून कठीण असते. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा, आणि झीज करतात ते त्याच मापाचे कण. आवाजाच्या पुढे पळणारं टर्बोचं पातं वाटेत आहेच.

फिल्टर किती धूळ पकडतो, ते आयएसओ ५०११ या पद्धतीने मोजतात. समजा एक फिल्टर ९९ टक्के पकडतो आणि जास्त मोकळा श्वास देणारा दुसरा ९७. कागदावर फरक दोन टक्क्यांचा. पण इंजिन बघतं ते सुटलेल्या धुळीकडे: पहिल्यातून एक भाग, दुसऱ्यातून तीन. तिप्पट धूळ आणि मोबदल्यात एक घोडा.

गंमत म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ पकडतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर 'साफ' करण्याची आपल्या गॅरेजांची पद्धत हा थर उडवते, आणि नळी जवळ धरली तर कागदाला बारीक भोकंही पाडते. तेलाचा फिल्टर वापरायचाच असेल तर धुतल्यावर तेल बेतानं लावा. ज्या गाड्यांत हवा मोजणारा तारेचा सेन्सर असतो, त्यात जादा तेल त्या तारेवर जाऊन बसतं.

रेसच्या ट्रॅकवर शेवटचा घोडाही कामाचा असतो आणि इंजिन वरचेवर उघडलं जातं. तिथे हा सौदा परवडतो. रोजच्या गाडीला कंपनीचा कागदी फिल्टर पुरे. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरला बदला, धुळीच्या भागात राहत असाल तर त्याआधी. आणि बॉक्स बंद करताना फिल्टरची रबराची कड नीट बसली का आणि सगळ्या क्लिपा लागल्या का, हे स्वतः बघा. तिथे फट राहिली तर फिल्टर कितीही महाग असो, धूळ त्याला वळसा घालून थेट टर्बोत जाते.