दुकान घाटकोपरला, गोदाम भिवंडीला, हिशेब मात्र एक



आपल्या कापडाच्या धंद्यात दुकान एकीकडे आणि माल दुसरीकडे, ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीला दुकान, अंधेरीला ऑफिस आणि गोदाम भिवंडीला. पूर्वी दिवसभराची चलान बुके घेऊन पोऱ्या संध्याकाळी दुकानात यायचा आणि मुनीमजी रात्री खतावणी करायचे. आता तसे भागत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले. गोदामात टेम्पो भरून उभा आणि बिल दुकानातल्या कॉम्प्युटरवर, असे झाले की ड्रायव्हरही खोळंबतो आणि गिऱ्हाईकही. म्हणून दोन्ही जागांचे कॉम्प्युटर जोडून घेणे ही आता चैन राहिलेली नाही. पण विचार न करता जोडले तर काय होते, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी दुकानातला कॉम्प्युटर सुरू केला तर हिशेब उघडेचना. प्रत्येक फाइलचे नाव बदललेले आणि सोबत इंग्रजीत चिठ्ठी : डेटा परत हवा असेल तर पैसे भरा. भिवंडीहून दुकानाची टॅली दिसावी म्हणून आमच्या कॉम्प्युटरवाल्याने जे दार उघडून ठेवले होते, त्याच दारातून रविवारी रात्री चोर शिरला होता. बॅकअप होता, पण त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. तोही गेला. पैसे आम्ही भरले नाहीत. भरल्यावर डेटा मिळेलच, याची हमी चोर काय देणार?

विक्रीची बिले जीएसटीच्या पोर्टलवरून बरीचशी मिळाली. चेकने आलेली रक्कम बँकेच्या स्टेटमेंटवरून जुळवली. पण कोणत्या बिलापोटी किती आले, वटाव किती दिला, किती ताके परत आले, रोख कोणी दिली, हे कुठे मिळणार? काही पार्ट्यांनी स्वतःहून आपल्या बाकीचा आकडा सांगितला. त्यांचे उपकार विसरणार नाही. काहींनी उलट विचारले, "शेठ, तुमच्याकडे काय नोंद आहे?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. उधारीच्या धंद्यात नोंद गेली म्हणजे भांडवलच गेले.

जोडण्याचे तीन मार्ग

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. घराचा पत्ता असतो तसा. साध्या ब्रॉडबँडचा हा नंबर बदलत राहतो आणि पुष्कळदा अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच नंबर असतो. चाळीचा पत्ता आहे, पण खोली नंबर नाही, अशातला प्रकार. आतून बाहेर जाता येते, बाहेरच्याला मात्र तुमची खोली सापडत नाही. यावर तीन उपाय करतात.

पहिला, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे अॅप. मधल्या कंपनीमार्फत एका कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्यावर दिसतो. कधीमधी दुरुस्तीसाठी ठीक आहे. धंद्यात रोज वापरायचे तर पैसे भरून लायसन्स घ्यावे लागते. शिवाय बँकेच्या नावाने फोन करून हेच अॅप टाकायला लावणारे ठग आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल सावध केले होते. फोनवर अनोळखी माणसाने सांगितलेला कोड कधीही टाकू नका.

दुसरा, कायम नंबर विकत घेऊन राउटरमध्ये थेट दार उघडणे. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत पोर्ट फॉरवर्डिंग. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे दार ३३८९ नंबरचे. काम दहा मिनिटांचे, म्हणून पुष्कळ जण हेच करून देतात. आमच्याकडेही हेच झाले होते. जुन्या पद्धतीचे आयपी नंबर जगात एकूण सुमारे ४३० कोटी. चोरांची यंत्रे रात्रंदिवस एकेक नंबर ठोठावून पाहतात आणि दार सापडले की पासवर्ड चाचपत बसतात. आपले दुकान लहान, आपल्याला कोण शोधणार, हा भ्रम आहे. यंत्र लहानमोठे पाहत नाही.

तिसरा, व्हीपीएन. सार्वजनिक रस्त्यावर दार न उघडता दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये खाजगी बोगदा काढणे. किल्ली असेल तोच आत येतो. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि पुष्कळ राउटरमध्ये ती सोय असते. यासाठी एका टोकाला कायम नंबर असलेला बरा. तो मिळत नसेल तर टेलस्केलसारखी सेवा त्यावाचूनही चालते. रोजच्या कामाला हाच मार्ग बरा.

कामातल्या खाचाखोचा

दुकान आणि गोदाम दोन्हीकडच्या राउटरच्या आतले नंबर बहुधा सारखेच असतात, १९२.१६८.१ ने सुरू होणारे. एकीकडचे बदलल्याशिवाय बोगदा नीट चालत नाही.

हिशेबाची फाइल भिवंडीहून बोगद्यातून ओढून उघडू नये. काम कूर्मगतीने होते आणि मध्येच लाइन तुटली तर फाइल बिघडू शकते. टॅली दुकानातच चालू द्यावी आणि गोदामात फक्त तिचा पडदा पाहावा. त्यासाठी दुकानात विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. जास्त माणसे हवीत तर सर्व्हर आणि त्याचे लायसन्स घ्यावे. टॅलीची स्वतःची रिमोट सोयही २००९ च्या ईआरपी ९ पासून आहे, तीही पाहावी.

वीज गेली तर कॉम्प्युटरबरोबर राउटरलाही इन्व्हर्टर हवा. हे पुष्कळ जण विसरतात.

तुटलेली एक प्रत

बोगद्याने बाहेरचा चोर अडतो, पण एका टोकाला रोग शिरला तर तो दुसऱ्या टोकालाही पोचू शकतो. मोठ्यांचेही असेच होते. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पडले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हा रोग पसरला होता. न्हावा शेवा बंदरातले त्यांचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीने २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान सांगितले. वाचवले कोणी? घाना देशातल्या ऑफिसात त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला एक कॉम्प्युटर जाळ्यापासून तुटलेला राहिला. कंपनीची जी मूळ यादी बाकी सगळीकडे नष्ट झाली होती, ती त्या एका यंत्रातून परत मिळाली.

आपण वीज जाण्याची वाट पाहू नये. दोन हार्ड डिस्क घ्या. रोज रात्री एकीवर बॅकअप घेऊन ती काढून घरी न्या, दुसऱ्या दिवशी दुसरी वापरा. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून पाहा, आकडे जुळतात का.

कॉम्प्युटरवाल्याला पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. राउटरमध्ये कोणते दार उघडे ठेवले आहे? व्हीपीएनच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? प्रत्येक माणसाला वेगळा पासवर्ड आहे का? नोकर काम सोडून गेला तर त्याची किल्ली त्याच दिवशी कशी बंद करायची? उत्तरे कागदावर लिहून घ्या.

इतके करूनही घात झालाच, तर आधी नेटची वायर काढा. फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

आम्ही आजही भिवंडीची टॅली घाटकोपरहूनच चालवतो, पण बोगद्यातून. आणि रात्री शटर ओढण्यापूर्वी गल्ल्याबरोबर हार्ड डिस्कही पिशवीत जाते.