सर्वव्यापी नव्हे, जिकडेतिकडे!



प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की हॉस्टेलच्या भिंतींवर इंग्रजी शब्दांच्या याद्या लागतात. आरशाच्या बाजूला, दाराच्या मागे, एका खोलीत तर पंख्याच्या रेग्युलेटरखाली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द आणि मधे बरोबरचं चिन्ह. ह्या बरोबरच्या चिन्हावर माझा फारसा विश्वास नाही. का, ते एकाच शब्दावरून सांगते. हा शब्द जवळजवळ प्रत्येक यादीत असतो : युबिक्विटस.

आधी उच्चार. यू-बिक्-वि-टस, आणि जोर 'बिक्'वर. स्पेलिंगमध्ये 'यू' तीन वेळा येतो आणि 'क्यू'च्या मागोमाग नेहमीप्रमाणे 'यू' आहेच. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना एवढं शाळेतच पक्कं करून मिळालेलं असतं. अर्थ म्हणून एक ओळ मिळायची, 'प्रेझेंट एव्हरीव्हेअर', की पुढचा शब्द! त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी आमच्याबद्दल फार गैरसमज करून घेऊ नये.

यादीत ह्या शब्दासमोर अर्थ असतो 'सर्वव्यापी'. आता मराठीत सर्वव्यापी कोण असतं? देव असतो, ब्रह्म असतं, फार तर आकाश. म्हणजे ही यादी पाठ करणारा ग्रुप डिस्कशनमध्ये सरळ म्हणणार, 'गॉड इज युबिक्विटस'. व्याकरणात चूक नाही, पण ऐकणारा गालात हसतो, कारण देवासाठी इंग्रजीत 'ऑम्निप्रेझेंट' हा वेगळा शब्द रूढ आहे. उलट बाजूने बघा. पानठेल्यावर, तर्रीपोह्याच्या गाडीवर, भाजीवालीच्या टोपलीपाशी, सगळीकडे क्यूआर कोडचं कार्ड लटकलेलं दिसतं. त्याला इंग्रजीत युबिक्विटस म्हणणं एकदम फिट्ट. पण 'क्यूआर कोड सर्वव्यापी आहे' असं मराठीत म्हटलं तर त्याला हार घालावा लागेल!

मग मराठी शब्द कोणता? माझी रूम पार्टनर अर्जुनी मोरगावकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिला मी क्यूआर कोडचं उदाहरण दिलं, तर ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मंग असं म्हण ना वं, जिकडं पाहा तिकडं दिसून राहिलं ते!" झालं. हाच अर्थ. जिकडेतिकडे, जिथंतिथं, पावलोपावली. यादीतल्या शब्दापेक्षा हा बोलीतला शब्द इंग्रजीच्या कितीतरी जवळ आहे. 'सर्वव्यापी' सांगतो की रिकामी जागाच नाही. 'युबिक्विटस' एवढंच म्हणतो की जाल तिथं हे भेटेल.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हा शब्द आधी देवाघरचाच होता. मूळ लॅटिन 'युबीक्वे', म्हणजे सगळीकडे. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांमध्ये वाद पेटला होता की ख्रिस्ताचं शरीर एकाच वेळी सर्व ठिकाणी असतं का. 'असतं' म्हणणाऱ्यांच्या मताला 'युबिक्विटी' हे नाव पडलं. 'युबिक्विटस' हे विशेषण इंग्रजीत त्यानंतर बऱ्याच काळाने रुळलं आणि हळूहळू चर्चमधून बाजारात आलं. आपला 'सर्वव्यापी' मात्र देवळातच राहिला.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांच्यासाठी आणखी एक. लॅटिनमध्ये 'युबी' म्हणजे कुठे, 'इबी' म्हणजे तिथे आणि 'अलिबी' म्हणजे दुसरीकडे. सगळ्यांना एकच शेपूट. संस्कृतात हेच काम 'त्र' करतो : कुत्र, तत्र, अन्यत्र, सर्वत्र. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत आरोपीची 'अ‍ॅलिबाय' तपासतात ना, ती हीच 'अलिबी'. गुन्ह्याच्या वेळी मी अन्यत्र होतो, हा पुरावा! आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या तळटीपेत 'इबिड' लिहितात, त्यात 'इबी' आहे. म्हणजे तिथेच, त्याच पुस्तकात. एवढं लक्षात राहिलं तर यादी भिंतीवरून काढली तरी चालेल.

कॉम्प्युटर शाखेला हा शब्द 'युबिक्विटस कम्प्युटिंग'मुळे ओळखीचा असतो. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क ह्या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कॉम्प्युटर इतके होतील आणि वस्तूंमध्ये असे मिसळून जातील की ते आहेत हे आपल्या ध्यानातही येणार नाही. त्यांनी उदाहरण दिलं मोटरचं. पूर्वी अख्ख्या कारखान्याला एकच इंजिन असायचं आणि शाफ्ट-पट्ट्यांवरून सगळी यंत्रं फिरायची. गोंदियातल्या जुन्या राईस मिलची रचना कुणाच्या आजोबांना विचारा, ते हेच सांगतील. नंतर प्रत्येक यंत्राला आपली मोटर आली, मग एकेका यंत्रात अनेक. तुमच्या खोलीत आत्ता किती मोटरी आहेत? पंख्यात एक, लॅपटॉपच्या कूलिंग फॅनमध्ये एक, मोबाईल थरथरतो तो छोट्या मोटरमुळेच. मोजेपर्यंत आठवल्याच नव्हत्या ना? 'युबिक्विटस'मध्ये ही छटा बऱ्याचदा असते. सवयीने नजरेआड झालेलं. वायझर १९९९ मध्ये वारले, खिशाखिशात स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी.

आता वापराचं बोलू. ह्याच्या आधी 'व्हेरी' लावू नका. जे आधीच सगळीकडे आहे ते 'खूप सगळीकडे' कसं असणार? 'ऑलमोस्ट युबिक्विटस' किंवा 'इन्क्रीझिंगली युबिक्विटस' चालतं. नामाआधी 'द' लावून वापरला तर थोडी चेष्टाही येते. निवडणुकीत प्रत्येक खांबावरून हात जोडणाऱ्या चेहऱ्याला 'द युबिक्विटस लीडर' म्हणता येईल. खऱ्या माणसाला एरवी हा शब्द लावत नाहीत, कारण माणूस एका वेळी एकाच जागी सापडतो (अपवाद आमच्या वॉर्डन मॅडम).

शेजारच्या शब्दांत गल्लत होते ती अशी. गुरुत्वाकर्षणाचा नियम 'युनिव्हर्सल' आहे, कारण त्याला जागेचा अपवाद नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल 'प्रेव्हलंट' आहे, म्हणजे इथे त्याचं प्रमाण जास्त आहे. घरोघरी रुग्ण आहे असं त्यातून निघत नाही. रोगाला युबिक्विटस म्हणून टाकलं तर वाचणाऱ्याला भलतीच भीती वाटेल. कॉपीचा सुळसुळाट सांगायचा असेल तर 'रॅम्पंट'. त्यात राग आहे, आवरत नाही अशी तक्रार आहे. युबिक्विटसमध्ये राग नाही.

आपल्या जिल्ह्यात ह्या शब्दाला शोभेल असं काय आहे? पावसाळ्याच्या शेवटी आमगाव-सालेकसा रस्त्याने गेलात तर धान. भंडाऱ्यातून १९९९ मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो, तेव्हा तलाव-बोड्यांनाही शब्द बसतो. सारसाला मात्र अजिबात नाही. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियात आणि आसपासच उरलाय, आणि इथेही तो बघायला पहाटे उठून शेताच्या बांधावर जावं लागतं. ज्या धानाच्या बांध्या आणि पाणथळी इथे युबिक्विटस, त्यांच्यावरच जगणारा हा पक्षी 'रेअर'. दोन्ही शब्द एकाच वाक्यात घालून बघा, इंटरव्ह्यूत 'टेल अस समथिंग अबाउट युवर डिस्ट्रिक्ट' विचारतातच.