कारंज्याच्या वेशी आणि कॅमेरा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे वऱ्हाडातील एक जुने, नांदते शहर होय. एके काळी त्याच्याभोवती कोट होता. तो कोट आता बहुतांशी नाहीसा झाला आहे. परंतु दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत. वऱ्हाडातील एका पेठेच्या वेशीला थेट दिल्लीचे नाव मिळावे, यावरून त्या पेठेचा लौकिक किती दूरवर पोहोचला होता हे ध्यानात येते. १६७० साली, सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगली अमलाखालील या श्रीमंत शहरावर चाल केली होती.

अशा शहरातील वास्तूंची छायाचित्रे घेणे वरवर पाहता सोपे वाटते. हल्ली कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात असतो. मित्रमंडळी पुढे उभी राहतात, वेस पाठीमागे राहते आणि क्षणार्धात छायाचित्र निघते. मंडळींची आठवण म्हणून ते उत्तमच. पण त्यात वेशीचे काय उरते? डोक्यांवरून डोकावणारी दगडांची एखादी ओळ! जुन्या वास्तूचे खरे छायाचित्र म्हणजे त्या वास्तूची साक्ष होय. ती साक्ष पुढे कोणाच्या आणि कशासाठी उपयोगी पडेल, हे छायाचित्र घेणाऱ्याला त्या वेळी ठाऊक नसते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण दूरच्या स्कॉटलंडमधले आहे. टे नदीच्या रुंद मुखाशी डंडी नावाचे जुने बंदर आहे. आपल्याकडील कापूस जसा मँचेस्टरला जाई, तसा बंगालचा ताग डंडीच्या गिरण्यांत जाई. तेथील नदीवरचा लांबलचक रेल्वेपूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला. त्यावरून धावणारी गाडी नदीत गेली आणि एकही उतारू वाचला नाही. चौकशीच्या कामी डंडीतील व्हॅलेंटाइन या छायाचित्रकारांच्या पेढीकडून पडलेल्या पुलाची छायाचित्रे घेण्यात आली. मोडलेले खांब आणि तुटलेले बिडाचे कान त्यांत इतके स्पष्ट उतरले आहेत, की शंभराहून अधिक वर्षांनंतरही अभियंत्यांनी ती मोठी करून पूल का पडला याचा नव्याने शोध घेतला. पूल केव्हाच गेला. साक्ष मात्र उरली.

आपल्या प्रांतातही ही कला लवकर आली. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेला मेजर रॉबर्ट गिल हा पुढे कॅमेऱ्याकडे वळला; अजिंठ्याप्रमाणेच लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे त्याने घेतली. त्याने वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या आगीत भस्म झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र आजही पाहावयास मिळतात.

आता कारंज्याच्या वेशीकडे वळू. पहिली गोष्ट प्रकाशाची. दगडावरील कोरीव काम उजेड समोरून पडला असता सपाट दिसते. तोच उजेड बाजूने, तिरपा पडला, की प्रत्येक खाच आपली सावली घेऊन उठून दिसू लागते. म्हणून सकाळचा पहिला प्रहर किंवा दिवस मावळण्यापूर्वीचा काळ उत्तम. वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या भर दुपारी तर दगड पांढराफटक होतो आणि कमानीखाली काळोख दाटतो. अशा वेळी छायाचित्र घेण्यात अर्थ नाही. दारवा‍ग्नेय दिशेला, मंगरूळपीर नैर्ऋत्येला. तेव्हा कोणत्या वेशीचे तोंड कोणीकडे आहे आणि तिच्यावर ऊन केव्हा येते, हे होकायंत्र घेऊन आधी पाहून ठेवावे.

दुसरी गोष्ट कॅमेरा धरण्याची. उंच वास्तू चौकटीत मावावी म्हणून बहुतेक जण कॅमेरा वर उचलतात. त्यामुळे सरळ उभ्या भिंती चित्रात वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि भक्कम वेस मागे कलंडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा दहा पावले मागे सरावे आणि कॅमेरा अगदी समतल धरावा. प्रथम सभोवतालच्या रस्त्यासह संपूर्ण वास्तू, मग कमान, मग एखादा दगड किंवा भेग, असे जवळ जवळ जात राहावे. भेगेजवळ मोजपट्टी धरावी. पुढील वर्षी भेग वाढली की नाही, हे त्याच जागेवरून घेतलेले दुसरे छायाचित्र सांगेल. विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्या चित्रात आल्या म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. चित्र कोणत्या काळातील आहे, हे पुढच्या पिढीला याच गोष्टी सांगतील.

छायाचित्र सर्व काही सांगते असे मात्र नव्हे. कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना वंदनीय आहे. त्यांचा जन्म चौदाव्या शतकातला. परंतु तेथील गुरुमंदिरात पादुकांची स्थापना १९३४ साली झाली. नुसते चित्र पाहून हा भेद कोणास कळणार? म्हणून चित्रासोबत स्थळ, दिशा, तारीख आणि मिळालेली माहिती लिहून ठेवणे अगत्याचे असते. देवळात शिरण्यापूर्वी विश्वस्तांची आणि माणसांचे चित्र घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी, हे निराळे सांगावयास नकोच.

कारंज्याचा सर्वांत नाजूक ठेवा वेशींत नाही, पोथ्यांत आहे. येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांची जुनी मंदिरे असून त्यांच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश भाषेतील मोलाचे साहित्य अभ्यासकांच्या हाती आले. पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य १९३१ साली कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापले गेले. पोथीचे छायाचित्र घेताना दगडाचा नियम उलटतो. तिरपा उजेड येथे सुरकुत्यांच्या सावल्या पाडून अक्षरे झाकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा, मंद उजेड हवा आणि कॅमेरा पानाच्या बरोबर वर हवा. पान सपाट करण्यासाठी दाबू नये. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू क्रमाने घ्याव्यात. कोरी बाजूसुद्धा सोडू नये, कारण पान गहाळ नसून कोरेच होते, याचा तोच पुरावा असतो.

कारंज्याहून मूर्तिजापूर ते यवतमाळ ही दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी जात असे. लोक तिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. मँचेस्टरला १९२१ साली घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. आता तर गाडीही धावत नाही. ज्या घरांतून तिची जुनी छायाचित्रे पेटीत पडून असतील, तेथे जाऊन ती पाहावीत, मागील बाजूस काही लिहिले असल्यास तेही उतरून घ्यावे आणि छायाचित्रातील माणसे ओळखणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याशी आधी बोलावे.