पौर्णिमेची ओहोटी आणि मावळतीचा फोटो

नेरुळच्या सारसोळे जेट्टीवर किंवा वाशीच्या सागर विहारच्या कठड्याशी संध्याकाळी उभे राहिलात, तर खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला उतरणारा सूर्य परातीएवढा दिसतो. मोबाइल काढून फोटो घ्यावा, तर स्क्रीनवर उरतो एक पांढुरका ठिपका. दोष मोबाइलचा नाही. आकाशात सूर्याच्या बिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून जेमतेम जास्त असते आणि मोबाइलची नेहमीची लेन्स आडव्या फोटोत साधारण ७० अंशांचा पट्टा सामावून घेते. म्हणजे ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत सूर्याच्या वाट्याला तीसही पिक्सेल येत नाहीत. क्षितिजाजवळ तो मोठा दिसतो ही आपल्या मेंदूची करामत आहे. दुपारी डोक्यावर असतानाही त्याचा आकार तेवढाच असतो.

यावर उपाय आहे आणि तो भूमितीत दडलेला आहे. बिंबाचा आकार आपल्या हातात नसला, तरी त्याच्यापुढे काय ठेवायचे आणि ते किती लांब ठेवायचे, हे आपण ठरवू शकतो. समोरचा माणूस २०० मीटरवर असेल, तर तेवढ्या अंतरावर सूर्याचे बिंब पावणेदोन-दोन मीटर उंचीचे भरते, म्हणजे बरोबर माणसाएवढे! होडीत उभा राहून वल्हे मारणारा कोळी अख्खाच्या अख्खा सूर्यात मावतो. तोच माणूस दहा मीटरवर असेल, तर सूर्य त्याच्या खांद्यामागे दिसेनासा होतो. तेव्हा विषयाच्या जवळ जाण्याची सवय इथे सोडायची, उलट मागे मागे यायचे आणि मोबाइलची तीन किंवा पाच पटींची खरी झूम लेन्स वापरायची. (मोठ्या कॅमेऱ्याच्या आरपार काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून मात्र प्रखर सूर्याकडे बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.)

नवी मुंबईचे भाग्य असे की हे शहर खाडीच्या पूर्व काठावर वसले आहे. पश्चिम मोकळी, पुढे पाणी, त्यापलीकडे मुंबईची काळी कडा. सूर्य मात्र रोज एकाच जागी मावळत नाही. आपल्या १९ अंश अक्षांशावर तो जूनमध्ये नेमक्या पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला बुडतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. नेरुळहून पाहिले तर जूनमध्ये तो मानखुर्द-गोवंडीच्या दिशेला असतो, मार्च-सप्टेंबरमध्ये ट्रॉम्बेच्या टेकडीच्या आसपास आणि डिसेंबरमध्ये तिच्याही दक्षिणेला. एखादा विजेचा मनोरा किंवा कांदळवनातले एखादे उंच झाड हेरून ठेवले, तर सूर्य वर्षातून दोनदाच त्याच्या बरोबर मागे येतो. म्हणून चांगली जागा सापडली की तारीखही टिपून ठेवावी.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती चंद्राची कामगिरी. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आगेमागे. खाडीत आत ती आणखी थोडी उशिरा पोचते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आता हे सूर्यास्ताशी ताडून पाहा. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी भरतीचे असते आणि कांदळवनाच्या मुळांना टेकलेले असते. पौर्णिमा-अमावास्येला मात्र ऐन सूर्यास्ताच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, तीही उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत लांब हटलेले. मैलोन्‌मैल ओला चिखल उघडा पडतो. त्यावर पाण्याचा इतका पातळ थर असतो की लाटच उठू शकत नाही, आणि सगळे आकाश त्यात उलटे उतरते. नोव्हेंबर ते मे या काळात त्याच चिखलात रोहित पक्षी चरायला पसरलेले असतात. भरतीला ते नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांकडे सरकतात. या पक्ष्यांसाठी ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. फोटोसाठी कांदळवन तुडवणे किंवा ड्रोन उडवून थवा उठवणे हे पाप आहे, इतकेच म्हणतो.

आरसा असा लाभला की क्षितिजाची रेघ फोटोच्या मधोमध ठेवायला हरकत नाही. एरवी ती वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागावर ठेवावी. आकाश भरलेले असेल तर त्याला दोन तृतीयांश जागा द्यावी, आकाश कोरे असेल तर ती खाडीला द्यावी. हा तिसऱ्या भागाचा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने तो १७९७ मध्ये लिहून ठेवला, तोही चित्रांसाठी.

आता रंगाकडे येऊ. मावळतीचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना डोक्यावरच्या हवेच्या जवळजवळ चाळीसपट हवा कापून येतो. लॉर्ड रॅले याने १८७१ मध्ये दाखवले तसे हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरतात. निळा वाटेतच सांडतो, शेवटी केशरी-तांबडा उरतो. ऑक्टोबरात पावसाने धुतलेल्या हवेत आणि उंच ढगांवर हा रंग पेटतो. तेव्हा रुंद लेन्स वापरावी. जानेवारीच्या धुरकट संध्याकाळी आकाश मळकट असते, पण बिंबाची कड सुरेख रेखीव दिसते. तो दिवस झूमचा.

मोबाइल नेमका इथेच फसतो. त्याला वाटते, चित्र काळोखे आहे, आणि तो उजेड वाढवतो. सेन्सर तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे मोजतो आणि नेहमीच्या फोटोत प्रत्येकाची कमाल मर्यादा असते २५५. सूर्याभोवतीच्या केशरी पट्ट्यात तांबडा आधी २५५ ला जाऊन आपटतो. उजेड आणखी वाढला तरी त्याला वर जायला जागा नसते. हिरवा मात्र चढत राहतो. तांबडा आणि हिरवा जवळजवळ सारखे झाले की होतो पिवळा. म्हणून डोळ्यांनी पाहिलेले केशरी आकाश फोटोत सूर्याभोवती लिंबाच्या सालीसारखे पिवळे पडते. हा हरवलेला रंग नंतर कोणतेही अ‍ॅप परत आणू शकत नाही. उपाय एका बोटाचा आहे: स्क्रीनवर सूर्याशेजारच्या आकाशावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि बोट खाली ओढून उजेड कमी करा. फोटो थोडा काळोखा आला तर येऊ द्या. अंधारातला तपशील बराचसा वर काढता येतो, पांढरा जळालेला मात्र कधीच येत नाही.

ही अडचण फोटोग्राफीच्या बालपणापासूनची आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळातल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या होत्या की आकाश हमखास कोरे यायचे. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापल्या. आपला मोबाइल एचडीआरमध्ये सेकंदाच्या अंशात कमी-जास्त उजेडाचे फोटो जुळवतो, ते त्याच कल्पनेचे पुढचे रूप आहे.

एडिटिंगला मी फार थोडे काम ठेवतो. आधी क्षितिज सरळ करणे, कारण खाडीचे पाणी तिरके दिसले की सगळा फोटो लटका वाटतो. मग काठाशी डोकावणारा खांब किंवा कचरा कापून टाकणे. मग हायलाइट्स थोडे खाली आणि शॅडोज अगदी जरासे वर. होडी काळी आहे ती काळीच राहू द्या, तिचा आकारच तर हवा आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर मोबाइल केशरी छटा हा दोष समजून पुसतो. तो उन्हाच्या किंवा ढगाळ खुणेवर न्या, रंग परत येतो. सॅच्युरेशनला मात्र भ्यावे. तांबडा आधीच छताला टेकलेला असतो, त्याला आणखी ढकलले की ढगांचे सगळे पदर एकाच भगव्या डागात विरघळतात. मोबाइलमध्ये रॉची सोय असेल तर ती जरूर वापरा. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या रॉमध्ये ४०९६. आकाश ताणले तरी पट्टे पडत नाहीत.

बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. मग बहुतेक लोक गाडीकडे वळतात. खरे तर पुढची वीस-बावीस मिनिटे उजेड असतो आणि माथ्यावरचे आकाश गर्द निळे होत जाते. ती निळाई मुख्यतः ओझोनची: वातावरणात लांबवर तिरका प्रवास करणाऱ्या प्रकाशातला केशरी-पिवळा भाग ओझोन शोषून घेतो, हे १९५३ मध्ये एडवर्ड हलबर्ट याने दाखवले. आणि पूर्वेला, पारसिकच्या डोंगरावर, करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा वर चढत असतो. ती पृथ्वीची सावली असते, हवेवर पडलेली, आणि तिच्या माथ्यावर गुलाबी किनार. पौर्णिमेला चंद्र त्याच बाजूने वर येतो. म्हणून पुढच्या पौर्णिमेला आकाश मोकळे असेल तर सूर्य बुडाल्यावरही वीस मिनिटे थांबा, आणि एक तरी फोटो खाडीकडे पाठ करून काढा.